आधी कवडसा, मग माणूस

रस्त्यावर फोटो काढायला निघालात की पहिला अर्धा तास कॅमेरा गळ्यातच राहू द्या. चेहरे, पाट्या, गाड्या यांतलं काही बघू नका. ऊन कुठे पडलंय तेवढंच बघा: दोन इमारतींच्या फटीतून फुटपाथवर उतरलेली तिरीप, जिन्याच्या चारच पायऱ्यांवर पडलेला कवडसा, पुलाखालचा अंधार जिथे संपतो ती रेघ. पहिलं वर्षभर मी माणसांमागे धावलो. माणसं मिळाली, पण सगळ्या सावल्या करड्या आल्या.

तो करडेपणा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरमुळे येतो. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढून ती मधल्या करड्यावर आणू बघतो. गल्लीत सावलीच जास्त, म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वाढवतो. काळोख फिका पडतो आणि कवडसा पांढराफटक होऊन जळतो. म्हणून मोजायचं ते फक्त उन्हाचं. मी कॅमेरा मॅन्युअलवरच ठेवतो, म्हणजे आकडे स्वतः लावतो. लख्ख ऊन असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि शटर १/८०० सेकंद. सावली त्याहून तीन-चार स्टॉप खाली असते (दर स्टॉपला उजेड निम्मा), ती आपोआप काळी होते. फोन असेल तर स्क्रीनवर कवडशावर बोट दाबून धरा आणि उजेड खाली ओढा.

फोकसही आधीच लावून ठेवावा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स एफ/८ ला अडीच मीटरवर लावली, तर साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. माणूस उजेडात पाऊल टाकतो त्या क्षणी कॅमेऱ्याने फोकस शोधत बसू नये.

वेळेचं गणित मला फार आवडतं. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली माणसाएवढी पडते, २७ अंशांच्या आसपास दुप्पट. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे अरुंद फटीतली तिरीप काही मिनिटांचीच पाहुणी. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत: ‘जिन्याखालची भिंत, सकाळी ८:१०, मार्चचा दुसरा आठवडा.’ महिन्याभराने त्याच वेळी तिथे गेलो, तर ऊन भिंत सोडून कोपऱ्यात गेलेलं होतं. म्हणून नोंदीत तारीख हवीच.

सावलीची कडही बघा. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जितकी दूर, तितकी कड विरघळते, अंतराच्या दर मीटरमागे जवळपास एक सेंटिमीटर. मीटरभर अंतरावरचा कठडा रेखीव उमटतो. वीस मीटर उंच गच्चीची कड वीतभर धूसर होते. धारदार रेषा हवी असेल तर जवळची वस्तू शोधा.

मग थांबायचं. मी एका कवडशापाशी पाऊण तास सहज उभा राहतो. माणूस अंधारातून येत असतो, त्याचा चेहरा किंवा नुसता हात उजळतो, आणि पाय फाकलेले असतानाच शटर दाबायचं. पाय जुळले की आकृतीचा खांब होतो. डोकं मागच्या काळ्या खिडकीत मिसळत असेल तर स्वतः अर्धं पाऊल सरका.

छायाचित्रकार फॅन हो यांचं हाँगकाँगमधलं १९५४ सालचं ‘अप्रोचिंग शॅडो’ हे छायाचित्र जरूर पाहा. पांढरी भिंत, खाली एकटी उभी बाई, आणि तिच्याकडे सरकणारी तिरकी सावली. ती सावली त्यांनी नंतर डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, घातली होती. ती झाकून पाहा, चित्रातला ताण कुठे होता ते लगेच कळतं.

भर दुपारी सावल्या पायांत गोळा होतात. तेव्हा मी पादचारी पुलावर चढून खाली बघतो, नाहीतर काचेच्या इमारतींसमोरची सावलीची बाजू धरतो. काचांवरून परतलेलं ऊन तिथे वेड्यावाकड्या चौकोनांत सांडलेलं असतं. ते थेट उन्हापेक्षा मंद असतं. शटर १/८०० वरून १/२५० वर आणून पहिला फोटो तपासा, मग पुढचे काढा.