परदेशातनं गाणी आणायची असतील तर फ्रिज मॅग्नेटच्या दुकानात शिरू नका

समजा एक जर्मन माणूस सांगलीत आलाय. गणपतीचं दर्शन झालं, भडंग खाऊन झालं, आणि आता स्टँडजवळच्या कुठल्यातरी दुकानात उभा राहून म्हणतोय, "इंडियन म्युझिक आहे का?" काय मिळणार त्याला? कव्हरवर ताजमहाल आणि आत कीबोर्डवर बडवलेलं काहीतरी. आणि इथनं दहा किलोमीटरवर मिरजेत सतारमेकर गल्लीत पावणेदोनशे वर्षं तंबोरे बनतायत, दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं, हे त्या बिचाऱ्याला कळणारच नाही, कारण त्यानं विचारलंच चुकीचं. आपण परदेशात गेलो की तो जर्मन म्हणजे आपणच, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

मी पहिल्यांदा इस्तंबूलला गेलो तेव्हा अगदी हेच केलं. टूर मॅनेजरनं शॉपिंगला चाळीस मिनिटं दिली, तेवढ्यात बायकोनं दिवे घेतले, मी गोल फिरणाऱ्या दरवेशाचा फोटो असलेली सीडी घेतली, घरी येऊन लावली तर ड्रम मशीन वाजतंय आणि वर बासरीसारखं काहीतरी. पाकिटावर वाजवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. पुढच्या वेळी मात्र तयारी करून गेलो.

तयारी म्हणजे फार काही नाही, प्रत्येक देशाचे तीन शब्द पाठ करायचे. एक वाद्य, एक गाण्याचा प्रकार, एक जुना कलाकार. "ट्रॅडिशनल म्युझिक" म्हटलं की दुकानदार तुम्हाला टुरिस्ट रॅककडे ढकलतो, पण तिथला शब्द तोंडातनं निघाला की तो खुर्चीवरनं उठतो, हे मी बघितलंय. तुर्कस्तानात लोकगीताला 'तुर्कू' म्हणतात, बिनतालाचं लांब ओढलेलं गाणं म्हणजे 'उझुन हवा', आणि वाद्यावर आलापासारखं एकट्यानं वाजवतात तो 'तक्सिम'. कलाकार विचारायचा तर तंबुरी जेमिल बे (1873-1916). आता 'तंबुरी' ऐकून आपल्या भागातल्या माणसाला वाटतं हा मागं बसून तंबोरा छेडणारा असेल, मला पण तसंच वाटलेलं. पण तिथला 'तंबुर' म्हणजे लांब दांडीचं वाद्य, आणि त्यावर चक्क सगळी चीज वाजवतात. त्यांच्या 'हिजाझ' मकामाचं (मकाम म्हणजे तिकडचा राग) खालचं अंग ऐकलं तर आपल्या भैरवाची आठवण येते, सूर तंतोतंत तेच नाहीत पण कान लगेच टवकारतात.

जपानात रेकॉर्डच्या दुकानात जाऊन 'जुन-होगाकु' म्हणा, म्हणजे त्यांचं अस्सल पारंपरिक संगीत, आणि लोकगीतं हवी असतील तर 'मिन्यो'. शामिसेन हे त्यांचं तीन तारांचं वाद्य ऐकायचं तर ताकाहाशी चिकुझान (1910-1998), डोळ्यांनी जवळपास अधू, दारोदार वाजवत फिरलेला माणूस, त्याचं वाजवणं म्हणजे बर्फात कुणीतरी चाबूक ओढतंय असं वाटतं. पोर्तुगालला गेलात तर 'फादो', म्हणजे तिथलं हुरहुर लावणारं गाणं, लिस्बनच्या आल्फामा भागात फादोचं म्युझियमच आहे, तिथल्या दुकानापासून सुरुवात करा, गायिका आमालिया रॉद्रिगेश सगळीकडे मिळेल पण कार्लुश पारेदेशची पोर्तुगीज गिटार पण विचारा.

बालीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण आता सांगली-साताऱ्यातनं दर दुसरं हनिमून तिकडंच चाललंय. तिथं हॉटेलात, स्पामध्ये, एअरपोर्टवर जे बांबूचं टिंगटिंग चालू असतं ना, त्याच्याच सीडी विकतात, कव्हरवर कमळ आणि 'रिलॅक्सिंग' वगैरे. तसलं घेऊ नका. 'गाँग कब्यार' म्हणून विचारा, तो बालीचा खरा गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यवृंद, असला जोरात आणि झटक्यात वाजतो की रिलॅक्स होण्याचा प्रश्नच नाही. जावाचा गामेलान बरोबर उलटा, संथ, पसरत जाणारा. जावाला जमलं तर सोलो शहरात लोकानंता आहे, इंडोनेशिया सरकारची रेकॉर्ड कंपनी, 1956 ची, गामेलानचं आणि वायांगचं म्हणजे त्यांच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचं प्रचंड रेकॉर्डिंग तिथं झालंय. की नार्तोसाब्धो या सूत्रधाराचं नाव घ्या. आपल्याकडं सूत्रधार म्हटलं की विष्णुदास भावे आठवणार, तिथला सूत्रधार एकटाच रात्रभर सगळ्या बाहुल्या नाचवतो आणि सगळ्यांचे आवाज पण काढतो.

निघायच्या आधी घरबसल्या आणखी एक काम. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन फोकवेजच्या वेबसाइटवर जगभरच्या रेकॉर्ड आहेत, 1948 ला मोझेस ॲश नावाच्या माणसानं फोकवेज कंपनी काढली, 1987 ला स्मिथसोनियननं ती घेतली आणि जुनं एकही टायटल बंद करायचं नाही या अटीवर घेतली. त्यांच्या अल्बमसोबतच्या पुस्तिका फुकट डाउनलोड होतात. ज्या देशाला चाललाय तिथली एक पुस्तिका विमानात वाचा, पिक्चर बघण्यापेक्षा बरं.

आता दुकान. माझा साधा नियम आहे, गाणी कुठं मिळतील ते वाद्यांच्या दुकानात विचारायचं. मिरजेत नाही का, तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कुणाचं ऐकावं हे कारागीरच सांगतो, तसंच. इस्तंबूलला गलाता टॉवरजवळ गालिप देदे नावाची उताराची गल्ली आहे, दोन्ही बाजूला वाद्यांची दुकानं, तिथं मी एका पोराला नुसतं "तंबुर, तक्सिम" एवढं म्हटलं तर त्यानं कागदावर चार नावं आणि एका रेकॉर्डच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला, चहा पाजला तो वेगळाच. तुर्की जुन्या रेकॉर्डिंगसाठी कालान ही कंपनी बघा, पुस्तिका जाडजूड असतात. फ्रान्सला गेलात तर ओकोरा, ती रेडिओ फ्रान्सची, त्यात फ्रेंच संगीतच असं नाही, आफ्रिका-आशियाचं पण ढीगभर. तोक्योत डिस्क युनियन या रेकॉर्डच्या दुकानाच्या शाखा आहेत, एकात दुपार जाते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

हातात सीडी आली की उलटी करून मागचा मजकूर बघा. कोण वाजवतंय, काय वाजवतंय, कुठं आणि कधी रेकॉर्ड केलं, या चारपैकी निदान तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत, नाहीतर परत ठेवा, कव्हर कितीही भारी असू दे. सीडीची खालची बाजू चंदेरी पाहिजे, निळसर-हिरवट झाक दिसली तर बहुतेक कुणीतरी घरी बर्न केलेली आहे. ऐकायला मागायला लाजू नका. साडी उलगडून दाखव म्हणताना लाजतो का आपण?

फॉरमॅटचं घरनं ठरवून जा, घरी वाजवायला काय आहे ते बघून. सीडी कुठल्याही देशाची कुठंही चालते. डीव्हीडीला मात्र रीजन कोड असतो, भारत 5, युरोप-जपान 2, अमेरिका 1, त्यामुळं मैफलीची डीव्हीडी हौसेनं आणली आणि प्लेअरनं थोबाड फिरवलं असं होतं. 78 स्पीडची जुनी लाखेची तबकडी दिसली तर मोह होणारच, पण ती पडली की फुटते, काचेसारखी, आणि तिची खाच रुंद असल्यामुळं एलपीच्या सुईवर नीट वाजत नाही, वेगळी सुई लागते. पुसायला स्पिरिट तर अजिबात नको, लाख विरघळते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. खाँसाहेबांनी राग त्यात बसवले, तिकडं जेमिल बेनं तक्सिम त्यात बसवले, म्हणून त्या काळचं कुठल्याही देशाचं ऐकलं तरी एक घाई आणि एक नेमकेपणा सारखाच जाणवतो.

सेकंडहँड एलपीवर एनएम (निअर मिंट, म्हणजे जवळपास नवी), व्हीजी प्लस, व्हीजी असे शिक्के असतात. व्हीजी म्हणजे व्हेरी गुड असं वाचून खूश होऊ नका, ती खरखरणारच. व्हीजी प्लसच्या खाली उतरायचं नाही, रेकॉर्ड दुर्मिळ असेल तरच अपवाद. पाकिटातनं काढून उजेडात तिरकी धरून बघा, आणि आत तीच रेकॉर्ड आहे ना तेही बघा, मी एकदा न बघता घेतली आणि घरी आल्यावर लष्करी बँड निघाला. घासाघीस इस्तंबूलच्या जुन्या बाजारात चालते, जपानात करू नका, समोरचा गोंधळतो. छोट्या दुकानांसाठी रोख थोडी जवळ असू दे.

सगळ्यात चांगली खरेदी मात्र कार्यक्रम संपल्यावर कलाकाराच्याच हातनं. पैसे सरळ त्याला जातात, आणि सही पण मिळते.

आणताना रेकॉर्ड चेक-इन बॅगेत टाकू नका. केबिन बॅगेत उभ्या ठेवा, दोन्ही बाजूला पुठ्ठा, आणि तबकडी आतल्या कागदासकट बाहेर काढून कव्हरच्या मागं ठेवा, नाहीतर हादऱ्यानं कव्हरची कड फाटते. एक एलपी कव्हरसकट पाव किलोच्या आसपास, सात किलोच्या हिशोबात किती बसतात ते आधीच मोजा. पुण्या-मुंबईहून येताना सातारला जेवायला थांबलात तर मे महिन्यात रेकॉर्ड गाडीत ठेवून जायचं नाही, बाहेर येईपर्यंत पापड झालेला असतो.

आमचा पोरगा म्हणतो यूट्यूबवर सगळं आहे की. आहे ना. पण इस्तंबूलहून दुसऱ्या वेळी आणलेल्या तंबुरच्या सीडीची पुस्तिका घेऊन मी मिरजेत एका ओळखीच्या कारागिराकडं गेलो, मोबाईलवर तक्सिम लावला. अर्धा मिनिट ऐकून तो म्हणाला, "तंबोऱ्यावर गत वाजवत्यात व्हय? भोपळा कुठला म्हणायचा ह्यो?" आपल्याकडं भोपळा पंढरपूरकडनं येतो, म्हणून विचारलं असणार. मला काय माहीत, मी पुस्तिकेतला वाद्याचा फोटो काढून दिला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"भोपळाच नाही," तो म्हणाला, "लाकडाच्या पट्ट्या जोडल्यात. झेरॉक्स दे मला ह्याची."