रेकॉर्डेड लेक्चर बघून एक्झामची तयारी करताय? मग या चुका टाळा

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की हॉस्टेलमध्ये ज्याच्या त्याच्या कानात इअरफोन आणि समोर लेक्चर चालू, मग ते एनपीटेलचं (आयआयटीवाल्यांच्या फ्री ऑनलाइन कोर्सचं) असो, यूट्यूबवरचं असो की सरांनी ड्राइव्हला टाकलेलं, आणि एवढे तास घालवूनही पेपरात पेन चालत नाही असं इंजिनिअरिंगची पोरं दर सेमला म्हणतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं बघत बसणं. एम-थ्रीचंच, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरचंच घ्या. इन्व्हर्स लाप्लासचं गणित सर सोडवतात, पार्शल फ्रॅक्शन पाडतात म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे छोटे तुकडे करतात, प्रत्येक स्टेप पटते आणि आपण मान डोलावतो. पण छेदात तोच फॅक्टर दोनदा आला की एक टर्म जास्त घ्यावी लागते, आणि हे स्वतः सोडवल्याशिवाय हातात बसतच नाही. म्हणून सरांनी गणित फळ्यावर लिहिलं की लगेच पॉज करा, वहीत सोडवा आणि अडलात तरच पुढचं बघा. थिअरीला पण तेच, व्हिडिओ बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं, नुसतं परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो ना!

स्पीडचं टेन्शन मात्र उगाच घेऊ नका. अमेरिकेतल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या २०२१ च्या अभ्यासात दुप्पट स्पीडपर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नव्हता, त्यापुढे पडला. पण तिथे एक व्हिडिओ रोमन साम्राज्यावरचा होता, डेरिव्हेशन नव्हतं, त्यामुळे गणित दिसलं की स्पीड नॉर्मलला आणा.

अजून एक, अख्खी प्लेलिस्ट पहिल्यापासून लावू नका. आधी पीवायक्यू, म्हणजे मागच्या वर्षांचे प्रश्न काढा, कुठल्या युनिटमध्ये अडतंय ते बघा, ट्रान्सक्रिप्टमध्ये (व्हिडिओतल्या बोलण्याच्या लेखी मजकुरात) तो टॉपिक शोधा आणि तेवढाच भाग बघून वहीत मिनिट-सेकंद लिहून ठेवा, म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री शोधाशोध नको. लॅपटॉपवर यूट्यूबला J हे बटण दाबलं की दहा सेकंद मागे आणि K दाबलं की पॉज, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप वेळ वाचतो.

आणि लागणारे व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, पीएलमध्ये हॉस्टेलचं वायफाय रात्री दहानंतर जाम रडवतं.