धूर, अहवाल आणि शेअरचा भाव: प्रोजेक्टला हात घालण्यापूर्वी

‘पर्यावरणाबाबतच्या कामगिरीचा कंपनीच्या बाजारमूल्यावर परिणाम’ हा विषय एमबीए, एम.कॉम.ला बरेच जण घेतात, आणि घोळ शीर्षकापासूनच सुरू होतो. धूर किती सोडला ही कामगिरी, तो किती सोडला हे सांगणं म्हणजे अहवाल. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल ठरली होती. त्याच महिन्याच्या 18 तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली लबाडी उघड केली आणि सोमवारी, 21 तारखेला, शेअर सुमारे 20 टक्के आपटला. (इव्हेंट स्टडी, म्हणजे एखाद्या घटनेनं भाव किती हलला हे मोजणारा अभ्यास, करणार असाल तर तारीख नीट बघा: नोटीस शुक्रवारची, फ्रँकफर्टमधली घसरण सोमवारची.)

एस अँड पी 500 या अमेरिकी शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांच्या 2006 ते 2008 च्या आकड्यांवरचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कार्बन उत्सर्जन हजार टनांनी जास्त असेल तर कंपनीचं मूल्य सरासरी 2 लाख 12 हजार डॉलरनं कमी दिसलं. पण उत्सर्जन जाहीर करणाऱ्या कंपन्यांचं मूल्य गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. तेव्हा व्हेरिएबल दोन ठेवा, उत्सर्जन आणि अहवाल; सरसकट एक ‘ईएसजी स्कोअर’ (पर्यावरण, समाज आणि कारभार मिळून दिलेले गुण) नको.

भारतातला डेटा बीआरएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या वार्षिक अहवालात मिळतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना सेबीनं तो 2022-23 पासून सक्तीचा केला. पीडीएफमधून आकडे उतरवत बसू नका, शेअर बाजाराच्या साइटवर एक्सबीआरएल फाइल (संगणकाला थेट वाचता येणारी) असते. तुम्हाला हवं ते अहवालाच्या तत्त्व 6 मध्ये आहे: ऊर्जा, पाणी, स्कोप 1 (कंपनीचं स्वतःचं उत्सर्जन) आणि 2 (विकत घेतलेल्या विजेमागचं), कचरा.

खरा वेळ खातात ती एककं. कोणी गिगाज्यूल लिहितं, कोणी टेराज्यूल; उलाढालीमागची तीव्रता (उत्सर्जन किंवा ऊर्जा भागिले उलाढाल) कोणी रुपयावर काढतं, कोणी कोटीवर, म्हणजे थेट एक कोटी पटीचा फरक. तीव्रता स्वतःच काढा आणि आकडा असा ताडून पाहा: ग्रिडची 1 कोटी युनिट वीज म्हणजे 36,000 गिगाज्यूल. ग्रिडचा उत्सर्जन गुणांक साधारण 0.7 टन प्रति मेगावॉट-तास (1,000 युनिट) धरला तर स्कोप 2 सुमारे 7,000 टन यायला हवा. तक्त्यात 70,000 दिसले तर बहुधा शून्य वाढलंय. 700 दिसले तर आधी कंपनीनं हरित विजेचा हिशेब कसा धरलाय ते बघा. मागच्या वर्षाचा आकडा पुढच्या अहवालात बदललेला सापडतो, तेव्हा नवा घ्या पण बदल नोंदवून ठेवा.

मूल्य मोजायला टोबिन क्यू हे गुणोत्तर पुरतं: मार्केट कॅप अधिक कर्ज, भागिले एकूण मालमत्ता. बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) वगळा, तिथे हे गुणोत्तर निरर्थक ठरतं. सिमेंट आणि आयटी एका रांगेत बसवू नका. सिमेंटचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतं, सगळी वीज सौर केली तरी ते राहतंच. इंडस्ट्री डमी, म्हणजे उद्योग वेगळा दाखवणारं 0/1 चं व्हेरिएबल, हवीच.

भाव कोणत्या दिवसाचा? 31 मार्चचा घेणारे पुष्कळ. पण बीआरएसआर वार्षिक अहवालाबरोबर येतो, म्हणजे काही महिन्यांनी. बाजारानं जे वाचलंच नाही त्याचा परिणाम 31 मार्चच्या भावात कुठून येणार? अहवालाचा परिणाम मोजताना 30 सप्टेंबरनंतरचा भाव घ्या, तोवर बहुतेक अहवाल आलेले असतात.

सगळ्यात मोठा सापळा मात्र नियमातच दडलेला आहे. ज्या बाजारमूल्यावरचा परिणाम मोजायचा, त्याच बाजारमूल्याच्या क्रमवारीवरून अहवालाची सक्ती लागते. वरच्या 150 कंपन्यांना 2023-24 पासून बीआरएसआर कोअरची (अहवालातल्या निवडक मुख्य आकड्यांची) बाहेरून पडताळणी लागली, तीही त्याच क्रमवारीनं. अहवाल देणाऱ्या कंपन्या महाग दिसतात, कारण महाग होत्या म्हणूनच त्या यादीत आल्या. व्हायव्हात हाच प्रश्न येतो. आकार आणि आधीच्या वर्षाचा क्यू मॉडेलमध्ये घाला, आणि 2023-24 साठी 150 व्या क्रमांकाच्या अलीकडच्या-पलीकडच्या कंपन्यांची वेगळी तुलना करा. नमुना लहान होईल, तक्त्यात सिग्निफिकन्सचे स्टार कमी येतील. येऊ देत.