अनंताची छाटणी गणपतीच्या आसपास उरका

मुंबईत अनंताचा बहर उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर झाड पांढरंशुभ्र होतं. ऑगस्टपर्यंत फुलं तुरळक होतात. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घ्यायची वेळ हीच. नारळी पौर्णिमेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत छाटणी उरकून घ्या, त्यापुढे ढकलू नका.

एवढ्या आग्रहानं सांगण्याचं कारण मोगरा. डिसेंबर-जानेवारीत मोगरा छाटतात आणि त्याच फेरीत शेजारच्या अनंतावरही कात्री फिरते. मोगऱ्याला ते मानवतं, कारण त्याला छाटणीनंतर आलेल्या नव्या फुटीवर फूल येतं. अनंताची कळी आधी वाढलेल्या फांदीच्या शेंड्यावर, थंडीच्या रात्रींत धरते. जानेवारीत शेंडा गेला की त्याबरोबर मे महिन्याचं फूलही गेलं. आमच्या इमारतीच्या आवारातला जुना अनंत असाच सलग दोन वर्षं जवळपास मुका राहिला. आम्ही खत बदललं, माती बदलली, कीड शोधली. तिसऱ्या वर्षी छाटणी ऑगस्टअखेरीस केली आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड कळ्यांनी भरलं.

थंड डोंगराळ भागात वाढणाऱ्या कॅमेलियालाही हाच नियम लागू आहे: बहर संपला की लगेच छाटणी. कॅमेलिया म्हणजे चहाच्याच कुळातलं झुडूप. तिला थंडी लागते, त्यामुळे मुंबईच्या दमट उकाड्यात तिच्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. तशीच तुकतुकीत पानं, तसंच भरगच्च पाकळ्यांचं फूल आणि वर सुगंध हवा असेल, तर अनंत लावा.

आधी झाड अनंताचंच आहे ना, याची खात्री करा. दुहेरी तगर दिसायला जवळची असते. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो.

छाटणीसाठी एक-दोन दिवसांची उघडीप निवडा. आधी वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, मग लांब सुटलेले शेंडे पानांच्या जोडीच्या थोडं वर कापा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कमी करू नका. अंगठ्याएवढ्या जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचुदाचा बुरशीनाशक लेप) लावा, नाहीतर दमट हवेत तिथून मर सुरू होते. कापलेल्या काड्या फेकू नका. अर्धवट पक्व, चार ते सहा इंचांच्या काड्यांची खालची पानं काढून त्या ओलसर कोकोपीट आणि रेतीत सावलीला खोचल्या, तर बऱ्याच काड्या दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात.

आता खत. जून-जुलैच्या धो धो पावसात घातलेलं खत कुंडीच्या भोकातून वाहून जातं, म्हणून तेव्हा हात आखडता ठेवा. छाटणीनंतर बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड द्या. वसई किंवा गोराईच्या वाडीत जमिनीवर मोठं झाड असेल, तर चार-पाच किलो शेणखत खोडापासून हातभर लांब, गोलाकार आळ्यात मिसळा. पावसाचा जोर ओसरल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी एकदा, ऑक्टोबरअखेरपर्यंत चालेल. नोव्हेंबर ते जानेवारी खत पूर्ण बंद. या काळात नत्र मिळालं तर झाड पानांच्या मागे लागतं. फेब्रुवारीत पुन्हा मूठभर गांडूळखत द्या.

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. कोकणच्या तांबड्या मातीत तो सुखानं वाढतो त्याचं हे एक कारण. मुंबईत मात्र इमारतीच्या कडेच्या मातीत सिमेंट आणि चुन्याचं डेब्रिज मिसळलेलं असतं, आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं क्षार) आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. शक्य असेल तर नळाचं, म्हणजे तलावाचं पाणी द्या. ते बोअरपेक्षा सौम्य असतं. राख, चुन्याची निवळी आणि अंड्यांची टरफलं या झाडाला अजिबात नकोत. गुलाबाला घातलं म्हणून अनंतालाही घालणारे बरेच भेटतात, आणि पानं पिवळी पडल्यावर तेच आणखी घालतात. खालची एखाद-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील, तर काळजी नको.

फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यावर काजळी धरते आणि मुंग्या त्याला झाडभर पसरवतात. पुंजके ओल्या कापडानं पुसा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी फवारा. हिराकस आणि हे तेल एकत्र करू नका. मध्ये आठवडा जाऊ द्या.

एप्रिलमध्ये कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की कुंडीची जागा बदलू नका. माती एक दिवस कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं तरी कळ्या गळतात. रोज सकाळी बोट दीड इंच मातीत घालून बघा आणि कोरडं लागलं तरच पाणी घाला. बाल्कनी पश्चिमेची असेल तर दुपारी दोननंतर हिरवी जाळी ओढा.