मुलांना ख्रिस्ती विश्वासात वाढवताना या चुका टाळा

रविवारची उपासना संपवून भायखळ्याला लोकल पकडतो आणि दादर येईपर्यंत पाळकांच्या संदेशाची चिरफाड करून मोकळे होतो. मग कमिटीत कोणाचं कोणाशी बिनसलंय ते निघतं. शेजारी बसलेलं दहा वर्षांचं पोर सगळं ऐकत असतं. पंधराव्या वर्षी तेच "मी चर्चला येणार नाही" म्हणालं की आपण मोबाइलला दोष देतो. मंडळीत न पटणाऱ्या गोष्टी असतातच, त्या मोठ्यांनी मोठ्यांशी बोलाव्यात. गाडीत मुलांना आपल्या मनाला लागलेलं एखादं वचन सांगा.

सगळा भार शब्बाथ शाळेवर (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गावर) टाकणं

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (6:7) मुलांना देवाचं वचन शिकवायची जबाबदारी आईबापांवर आहे: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. रात्री साडेनऊला घरी पोचणाऱ्या बापाने तासाभराची कौटुंबिक प्रार्थना ठरवली तर ती तिसऱ्या दिवशी बंद पडते. दहा मिनिटं पुरेत. चार वचनं, एक गीत आणि आईबापांनी स्वतःची खरी काळजी देवापुढे मांडलेली प्रार्थना. घराचा हप्ता, आजीचं दुखणं, सगळं मुलांच्या कानावर पडू द्या.

चुकल्यावर माफी न मागणं

माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच. एका रविवारी चर्चहून आल्यावर गेट उघडायला उशीर झाला म्हणून मी वॉचमनवर खेकसले. मुलगी काही बोलली नाही. रात्री प्रार्थनेला बसल्यावर मात्र तिने विचारलं, "आई, वॉचमनकाकांसाठीपण प्रार्थना करायची ना?" मला पुढे प्रार्थना करवेना. तिला घेऊन खाली गेले आणि त्यांची माफी मागितली. ते बिचारे गांगरले, "जाऊ द्या ताई" म्हणाले.

इफिसकरांस पत्रात राग सूर्य मावळेपर्यंत ठेवू नका असं सांगितलंय, ते नवराबायकोच्या भांडणालाही लागू आहे. भांडण मुलांसमोर झालं असेल तर समेटही त्यांच्यासमोर होऊ द्या. मुलांची माफी मागताना "पण तूसुद्धा..." असं शेपूट जोडू नका. तेवढ्याने माफी वाया जाते.

वचनाची छडी करणं

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं "आईबापांचा मान राख" हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायातलं चौथं वचन, मुलांना चिरडीस आणू नका, आपण सोयीने विसरतो. अभ्यास केला नाही म्हणून स्तोत्र पाठ करायची शिक्षा तर कधीच देऊ नका, स्तोत्रच नकोसं होतं.

मराठी शास्त्र (बायबल) कळत नाही म्हणून सोडून देणं

इंग्रजी माध्यमातली मुलं शब्दांना अडतात, हे खरं. पण 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं मराठीतच गोड लागतात. ती रोज घरात गुणगुणा, चाल आधी तोंडात बसते, अर्थ मागून विचारला जातो.

अर्पणाची थैली समोर आल्यावर मुलाच्या हातात घाईघाईने दहाची नोट कोंबण्याऐवजी शनिवारी त्याच्याच खाऊच्या पैशांतून काय द्यायचं ते त्याला ठरवू द्या, आणि आपलं पाकीटही त्याच्यासमोरच भरा. तेव्हाच लूकच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातली, दोन टोल्या अर्पण करणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट वाचा. "टोल्या म्हणजे काय?" असं ते विचारेलच. तांब्याची सगळ्यांत हलकी नाणी, तिच्याकडे तेवढी दोनच होती, हे सांगा आणि त्याला हवा तेवढा वेळ विचार करू द्या.