कारखान्याच्या इमारतीची सुरक्षा तपासणी : या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका जुन्या शेडच्या तपासणीसाठी मी गेलो, तेव्हा आतल्या सगळ्या भिंतींना आणि लोखंडी कॉलमना आदल्याच आठवड्यात नवा रंग दिलेला होता. पाहुणे येणार म्हणून घर सारवून ठेवावे, त्याच भावनेने मालकांनी हे केले होते आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोपऱ्यातल्या कॉलमच्या पायाशी रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. तो हलवायला लावला, तेव्हा खाली ओल दिसली आणि बेस प्लेटच्या (कॉलमच्या तळाशी असलेल्या लोखंडी पाटाच्या) वर वीतभर उंचीपर्यंत नव्या रंगाखाली फुगवटे आलेले दिसले. स्क्रू-ड्रायव्हरने जरा टोकरले, तर गंजाचे पापुद्रे हातात आले आणि एका ठिकाणी टोक आरपार गेले.

तपासणीपूर्वी रंगरंगोटी करणे, ही मला सर्वाधिक वेळा आढळणारी चूक आहे. भेगेत पुट्टी भरली की तिची रुंदी, दिशा आणि जुनेपणा सारेच झाकले जाते, आणि इमारतीला काय होते आहे हे सांगणारा पुरावा नेमका हाच असतो. तपासणी आधी, दुरुस्ती त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी, हा क्रम कारखानदारांनी कटाक्षाने पाळावा. कॉलमच्या पायथ्याशी, पन्हळीखाली आणि शौचालयांच्या भिंतींलगत रचलेला माल तपासणीच्या दिवशी हलवून ठेवावा, कारण ओल आणि गंज बहुधा तिथेच असतात.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. तपासणी करताना मूळ नकाशा समोर ठेवला जातो, मात्र त्या नकाशानंतर इमारतीत काय काय वाढले याची नोंद कोणाकडेच नसते. कार्यालयासाठी बांधलेला पोटमाळा दोन-तीन वर्षांत गोदाम होतो. कार्यालयाच्या मजल्यासाठी साधारणतः दर चौरस मीटरला 250 ते 400 किलो भार धरलेला असतो. पन्नास किलोच्या पोत्यांची दहा थरांची थप्पी मात्र जेमतेम अर्ध्या चौरस मीटर जागेवर 500 किलो भार टाकते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 1000 किलो. इमारतींवरील भारांच्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात हलक्या यंत्रांच्या कारखान्यासाठी चौरस मीटरला 5 किलोन्यूटन (सुमारे 500 किलो) आणि जड यंत्रांसाठी 10 किलोन्यूटन (सुमारे 1000 किलो) भार दिला आहे, त्यावरून हा फरक किती मोठा आहे हे लक्षात यावे. म्हणून प्रत्येक मजल्यावर परवानगी असलेला भार किलोमध्ये लिहिलेला फलक असावा आणि तो मजूर व फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना कळेल अशा मराठी व हिंदी भाषेत असावा.

अलीकडे शेडवर सौर पॅनेल बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. ढाच्यासह त्यांचे वजन चौरस मीटरला साधारण 12 ते 15 किलो भरते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण परलिन, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या, मुळातच हलक्या पत्र्यासाठी निवडलेल्या असतात आणि पॅनेलखाली शिरणाऱ्या वाऱ्याचा वर उचलणारा जोरही त्यांनाच घ्यावा लागतो. नागपूरसाठी आयएस 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिलेला आहे. पॅनेलच्या कंत्राटदाराचे ‘काही होत नाही’ हे शब्द हिशोबाची जागा घेऊ शकत नाहीत.

वाढीव भाराचा प्रश्न निघाला की मला बांगलादेशातील साव्हार येथील राणा प्लाझाची आठवण होते. दुकाने आणि कार्यालयांसाठी योजलेल्या त्या इमारतीत कपड्यांचे कारखाने चालत होते, वरचे मजले नंतर परवानगीविना चढवले गेले होते आणि जड जनरेटरही वरच ठेवलेले होते. 23 एप्रिल 2013 रोजी भेगा दिसल्या, दुसऱ्या दिवशी कामगारांना पुन्हा आत बोलावण्यात आले आणि इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. भेग एक दिवस आधी दिसलेली होती, हे मी प्रत्येक कारखान्यात आवर्जून सांगतो.

भेगांचा अर्थ लावतानाही घोटाळा होतो. विटांची भिंत आणि आरसीसी कॉलम यांच्या सांध्यातली सरळ उभी चीर बहुतेक वेळा दोन साहित्यांच्या वेगवेगळ्या आकुंचनामुळे येते आणि ती इमारत पाडत नाही. भिंतीत पायऱ्यांसारखी तिरपी उतरणारी भेग पाया खचल्याचे सुचवते. सळईला समांतर जाणारी आणि तांबूस डाग असलेली भेग आतला गंज दाखवते, कारण गंजलेले लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगते आणि काँक्रीट फोडते. बीमच्या टोकाशी, आधाराजवळ दिसणारी तिरपी भेग मात्र सर्वांत धोक्याची समजावी. ती दिसताच खालची व वरची जागा रिकामी करावी, अभियंत्याच्या देखरेखीखाली टेकू लावावेत आणि मगच चर्चा करावी. इतर भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि मधोमध काचेची पातळ पट्टी चिकटवावी. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे.

नागपुरात तपासणीचा महिना निवडणे हेही कौशल्याचे काम आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. हिवाळ्यात सोयीच्या दिवशी एकदाच पाहणी केली, तर या हालचालीची दोन्ही टोके निसटतात. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, अशा दोन पाहण्या व्हाव्यात असे माझे मत आहे. उन्हाचाही हिशोब हवा. 60 मीटर लांबीच्या लोखंडी शेडच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर लांबीत सुमारे 29 मिलिमीटर फरक पडतो. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांमध्ये पत्र्याखालच्या लोखंडात एवढा फरक सहज पडतो. अशा वेळी प्रसरणासाठी ठेवलेल्या फटीत सिमेंटचा राडा भरलेला असेल किंवा लांबट छिद्रांतले बोल्ट कुणी ‘मजबुती’साठी वेल्ड केले असतील, तर तो ताण कॉलमच्या माथ्यावर आणि भिंतींवर निघतो.

चाचण्यांबाबत एकच सांगतो. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारे उपकरण) प्लास्टरवर मारून काढलेला आकडा निरुपयोगी आहे, आणि प्लास्टर काढून मारला तरी त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, कठीण होतो, त्यामुळे आत दुबळा असलेला कॉलमही चांगला आकडा देतो. त्यासोबत काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवणारी अल्ट्रासॉनिक चाचणी करावी आणि शंका राहिल्यास कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढावेत, तेही किमान तीन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन हे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे रसायन शिंपडल्यावर जो भाग गुलाबी होत नाही, तिथे सळईचे संरक्षण संपलेले असते.

स्थैर्य प्रमाणपत्र, म्हणजे इमारत सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा दाखला, ही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयासाठी करायची औपचारिकता आहे, असे मानणारे अजूनही भेटतात. 1948 च्या कारखाने अधिनियमातच धोकादायक इमारतीचा वापर थांबवण्याच्या आदेशाची तरतूद करण्यात आली होती, ती कागद पूर्ण व्हावेत म्हणून नव्हे. जागेवर न जाता सही करणारा अभियंता स्वस्त पडतो, म्हणून त्याला निवडू नये. आणि क्रेनची क्षमता वाढवली, भिंत काढली किंवा पोटमाळा चढवला, तर जुने प्रमाणपत्र त्या बदललेल्या इमारतीबद्दल काहीच सांगत नाही.

हिंगण्याच्या त्या कॉलमला नुसती पट्टी वेल्ड करून द्या, असा आग्रह झाला होता. आम्ही शिडी लावून वर गेलो, तेव्हा पन्हळीच्या पाइपचा सांधा निखळलेला आणि छपराचे सगळे पाणी कॉलमच्या आतल्या बाजूने उतरत असल्याचे दिसले. आधी पाइप बदलून पाणी बाहेरच्या गटारात सोडले. मग ट्रसला (छपराच्या लोखंडी सांगाड्याला) टेकू देऊन कॉलमचा कुजलेला भाग कापला, नवा तुकडा जोडला आणि बेस प्लेट फरशीपासून वर येईल इतका काँक्रीटचा ओटा उचलला. रंग त्यानंतर, पुढच्या पावसाळ्यात सांधा कोरडा राहतो हे पाहून दिला.