इंदुरात राहून इंटरमिटंट फास्टिंग: करावं का, आणि करायचं तर कसं

सकाळी सातला राजवाड्याजवळ पोहे-जलेबी आणि रात्री बाराला सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) नाहीतर रबडी. आमच्या इंदुरात खाण्याचा दिवस असा सतरा तासांचा होऊ शकतो. रोज कुणी एवढं करत नाही हे खरं, पण घरीसुद्धा पहाटेच्या चहापासून रात्री टीव्हीसमोरच्या शेवेपर्यंत चौदा-पंधरा तास सहज भरतात. त्यामुळे 'सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं' असं कुणी सांगितलं की आपल्याला एकदम भीती वाटते, नाहीतर एकदम हुरूप येतो. दोन्ही बाजूला ठेवून नीट बघू या.

आधी उत्तर: फायदा किती?

वजन उतरतं, पण घड्याळामुळे नाही. खाण्याची वेळ आखडली की बरीच माणसं आपोआप कमी खातात, त्यामुळे उतरतं. चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच मोजून कमी कॅलरी दिल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांनी सगळं खाणं सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये बसवलं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेरी पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं होतं, दुसऱ्याचं ६.३ किलोंनी. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठरत नाही, म्हणजे तो योगायोगानेही आलेला असू शकतो. त्याआधी २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांचा ११६ जणांवरचा १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात दुपारी १२ ते रात्री ८ एवढीच खाण्याची वेळ दिली, काय आणि किती खायचं ते सांगितलं नाही. त्या गटाचं वजन किलोभरही उतरलं नाही आणि तीन वेळा जेवणाऱ्यांपेक्षा ते फार पुढे गेले नाहीत.

आता तिसरा. अमेरिकेतल्या अलाबामात ९० जणांवर १४ आठवडे. इथे वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ होती. या गटाचं वजन ६.३ किलोंनी उतरलं, नेहमीच्या वेळेला खाणाऱ्यांचं ४ किलोंनी. म्हणजे जेवण दिवसाच्या पहिल्या भागात सरकवलं तर थोडा जास्त उपयोग होत असावा. सकाळी इन्सुलिनचं काम चांगलं चालतं आणि रात्री मंदावतं, त्याच्याशीही हे जुळतं.

माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं. आपल्याकडे बहुतेक जण सकाळचा नाश्ता सोडून दुपारी बाराला सुरुवात करतात, कारण ते सोपं जातं. मी सांगेन, पोहे ठेवा, रात्र सोडा. यासाठी लांब जायलाही नको. इंदुरात शेजारीपाजारी कितीतरी जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सूर्यास्ताआधी जेवतात, चौविहार पाळतात. संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी घासून झालेली असतात.

पहिली पायरी: आपण हे करायचं की नाही, ते ठरवणं

ही पायरी गाळू नका. तीन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी संकष्टीला नेहमीप्रमाणे सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. यंत्रावर साखर ५२ आली. त्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. पोटात अन्न असो वा नसो, ते औषध साखर खाली ओढतच राहतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्यांना सकाळीच थांबवलं असतं. आता त्या चतुर्थीच्या दिवशी डॉक्टरांनी बदलून दिलेल्या वेळेलाच औषध घेतात आणि दुपारी राजगिऱ्याची भाकरी नि दही खातात.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक जेवणही पुढे ढकलू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना लांबलचक उपास केला तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. तेव्हा त्यांनाही हेच लागू. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वजन उतरल्यावर तिचा डोस बदलावा लागू शकतो, तेही विचारून ठेवा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलंमुली, मुळातच वजन कमी असलेले, थकलेले वृद्ध, आणि खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलेलं आहे असे लोक (उपाशी राहणं नि मग भरमसाट खाणं, अपराधी वाटणं) यांनी हे करू नये. त्यात वाटाघाट नाही.

दुसरी पायरी: फीत, काटा आणि एक रक्त तपासणी

सुरू करण्याआधी तीन आकडे लिहून ठेवा. पहिला कमरेचा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शिंप्याच्या फितीने मोजायचा. आपल्या लोकांत पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. दुसरा वजनाचा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. उंची १६० सेंटिमीटर असेल तर हे आकडे साधारण ५९ आणि ६४ किलोंचे होतात. तिसरा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा. ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचं आढळलं. 'मला काही त्रास नाही' म्हणून तपासणी टाळू नका, उंबरठ्यावर असताना त्रास होतच नाही.

तिसरी पायरी: रात्रीचं दार हळूहळू बंद करणं

पहिल्या दिवशीच सोळा तासांवर उडी मारू नका. पहिला आठवडा फक्त बारा तास ठेवा. रात्री ८ ला शेवटचा घास, सकाळी ८ ला पहिला. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण बऱ्याच घरांत यानेच रात्रीचं शेव-बिस्किट बंद होतं. दुसऱ्या आठवड्यात जेवण साडेसातला आणा, तिसऱ्यात सातला. चौथ्या आठवड्यापर्यंत सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असे दहा तास जमले तर उत्तम, नाही जमले तर अकरा-बारावर थांबा. रोज जमणारे बारा तास आठवड्यातून दोनदा जमणाऱ्या सोळा तासांपेक्षा जास्त उपयोगाचे.

दुकानदारांची अडचण खरी आहे. शटर पडायलाच नऊ वाजतात. आमच्या मोहल्ल्यात कापडाचं दुकान असलेल्या एका भाऊंनी यावर चांगला उपाय काढला. त्यांच्या घरून संध्याकाळी साडेसहाला दुकानावर डबा जातो. त्यात दोन पोळ्या, उसळ, कोशिंबीर असते. रात्री घरी आल्यावर ते सगळ्यांसोबत ताटावर बसतात, पण फक्त पेलाभर पातळ ताक घेतात. शास्त्राच्या कसोटीवर उपास मोडला म्हणा हवं तर, पण रात्रीच्या चार पोळ्या, भात आणि गोड गेलं हेच मोठं आहे, शिवाय घरच्यांबरोबरचा तो अर्धा तास सुटला नाही.

उपासाच्या तासांत पाणी भरपूर प्या. जैन चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, पण ती श्रद्धेची गोष्ट आहे. वजनासाठी पाणी सोडण्याने काही मिळत नाही आणि मे महिन्यातल्या उन्हाळ्यात ते धोक्याचं ठरेल. कोरा चहा, कोरी कॉफी, साखर न घातलेलं लिंबूपाणी चालतं. दूध-साखरेचा चहा चालत नाही. इथेच बहुतेकांचा उपास नकळत मोडतो, म्हणून पहिला चहा पोह्यांबरोबरच घ्या. थायरॉइडची गोळी मात्र नेहमीसारखी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर.

पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखणं, चिडचिड, आम्लपित्त, पोट साफ न होणं हे होऊ शकतं. बहुतेकांचं ते निवतं. पण घाम, कापरं, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर उपास तिथेच सोडा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि बरं वाटलं की काहीतरी खा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बोलणं अडखळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

चौथी पायरी: खाण्याच्या वेळेत ताटात काय

'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर काय होतं ते बघा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नसल्यातच जमा. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा, आणि सराफ्यातली असेल तर वर फराळी मिक्सचर. खिचडी मलाही फार आवडते, पण ती वजन उतरवण्याचं अन्न नाही.

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि चाळिशीनंतर गेलेले स्नायू सहजासहजी परत येत नाहीत. म्हणून प्रथिनांकडे लक्ष हवं. ६० किलोंच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम लागतात. आपल्या शाकाहारी ताटात हे आपोआप होत नाही. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास, एका अंड्यातून सहा. झुणका, मटकीची उसळ, दही, भाजलेले चणे यांना रोज जागा द्या.

नाश्त्याचं म्हणाल तर इंदुरी पोहे मुळात वाईट नाहीत. ते वाफेवर होतात, तेल बेताचं लागतं. वर पडणारी मूठभर शेव मात्र जड, कारण १०० ग्रॅम शेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात. राजवाड्याच्या बाजूला मिळतात तसे उसळ-पोहे घरी करा: पोहे थोडे, उसळ जास्त, जिरावन मसाला, कांदा, लिंबू, आणि शेव चिमूटभर. जलेबी रविवारी.

दुपारचं जेवण दिवसातलं सगळ्यात मोठं ठेवा, अर्धं ताट भाज्या-कोशिंबिरीचं. नात्यागोत्यातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायची पद्धत आपल्याकडेही पोचली आहे. दोन जेवणं निभतात त्यांनीही प्रथिनांचा हा हिशेब दोन ताटांत बसतो का ते बघावं. आठवड्यातून दोन-तीनदा जिने चढणं, खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं असा जोर लावणारा व्यायामही हवा. पिपल्यापाल्याच्या तळ्याभोवतीची फेरी चांगलीच, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

पाचवी पायरी: सराफा, लग्नं आणि पाहुणे

सराफा बाजार सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावरच खाण्याने भरतो, म्हणजे आपल्या वेळेच्या बाहेरच. तो कायमचा सोडायचं ठरवलं तर महिन्याभरात सगळंच सुटेल. महिन्यातून एक रात्र ठरवून ठेवा. त्या दिवशी दुपारचं जेवण नेहमीसारखंच घ्या, संध्याकाळचं सोडा आणि सराफ्यात दोन पदार्थ चौघांत वाटून खा. दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाचा उपास नको, ठरलेल्या वेळेला पोहे. लग्नाच्या पंगतीचंही तसंच. गणपतीचे दिवस अवघड जातात. तेव्हा वजन उतरवण्यापेक्षा आहे तिथे टिकवणं एवढंच ठेवा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन गोष्टी

एक, 'सोळा तासांनी पेशी स्वतःला साफ करतात, याला नोबेल मिळालं आहे.' २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना पेशींच्या या साफसफाईवरच्या, म्हणजे ऑटोफॅजीवरच्या कामासाठी मिळालं, आणि ते मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. माणसाने अमुक तास उपाशी राहावं असं त्यातून निघत नाही.

दोन, 'आठ तासांत खाणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त.' हा आकडा मार्च २०२४ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत मांडला गेला. लोकांनी दोन दिवसांत काय खाल्लं ते आठवून सांगितलं, त्यावरून पुढच्या कित्येक वर्षांचा हा हिशेब आहे. आजारी, एकटी, वेळेवर न जेवणारी माणसंही त्यात असू शकतात. त्यामुळे उपासामुळेच हे झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. तरीही हृदयविकार असलेल्यांनी आठ तासांचा आग्रह धरू नये, दहा-बारा तास पुरे.

सहावी पायरी: तीन महिन्यांनी

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर घ्या. आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुष्कळ झालं. फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. तीन महिन्यांनी पहिले तिन्ही आकडे पुन्हा घ्या. ७० किलोंच्या माणसाचे साडेतीन किलो, म्हणजे पाच टक्के गेले, तर साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. कंबर चार सेंटिमीटर उतरली आणि वजन दोनच किलो, तरी चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर वेळ आणखी आखडू नका. तीन दिवस खाल्लेला प्रत्येक घास वहीत लिहा, तेलाची घरातली महिन्याची बरणी किती दिवसांत संपते ते बघा आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा.